लॉकेट मुठीत आहे की नाही, हे हाताला कळतं का? घरी तपासण्याची रीत

व्हिडिओ तुमच्याकडेही आला असेल. एक माणूस हात खांद्याच्या रेषेत आडवा धरून उभा राहतो. दुसरा त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवून खाली दाबतो. मोकळ्या हातात मोबाइल दिला की आडवा हात खाली येतो. मग मोबाइलला एक चकचकीत चिप चिकटवतात, किंवा त्या माणसाच्या मुठीत ‘ऊर्जेचं’ लॉकेट देतात. पुन्हा दाबतात, आणि हात जागचा हलत नाही. भोवतालचे ‘अरे वा’ करतात. व्हिडिओच्या खाली खरेदीची लिंक असते.

माझ्या भाच्याने हे थेट माझ्यावरच करून दाखवलं. “मावशी, हात धर. घट्ट धर हं. आता हे मुठीत घे.” आणि खरंच, दुसऱ्या वेळी हात खाली गेला नाही. खांद्यात मला फरक जाणवलाही. म्हणून आधीच सांगते, इथे कोणीतरी लबाडी करतंय असं धरून प्रयोगाला बसू नका. भाचा फसवत नव्हता, मीही नाटक करत नव्हते. पण लॉकेट मुठीत आहे हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. हात घट्ट राहिला तो लॉकेटमुळे की त्या माहितीमुळे, हे त्या खेळातून कळूच शकत नाही. दोन्ही गोष्टी एकदमच येतात. त्या सुट्या करायच्या, एवढंच आपलं काम.

शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी नोकरी झाली. मुलांची उत्तरं आधी ठरलेली आणि निरीक्षणं मागून लिहिलेली, अशी जर्नलं मी ढिगाने पाहिली आहेत. त्यामुळे खालच्या रीतीत कागदपत्रांचा जाच थोडा जास्त वाटेल. तो कमी करू नका.

ही हात दाबायची युक्ती बरीच जुनी आहे. जॉर्ज गुडहार्ट नावाच्या अमेरिकन कायरोप्रॅक्टरने (म्हणजे पाठीचा कणा, सांधे हातांनी दाबून उपचार करणाऱ्याने) 1964 साली स्नायूंच्या ताकदीवरून शरीराचे दोष ओळखायची पद्धत मांडली. ‘मसल टेस्टिंग’ म्हणून जे चालतं ते तिथून आलं. पुढे विक्रेत्यांनी ती उचलली. होलोग्राम लावलेले रबरी ‘पॉवर बॅलन्स’ पट्टे याच धर्तीच्या प्रात्यक्षिकांवर जगभर खपले. 2010 च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगापुढे कंपनीला कबूल करावं लागलं की आपल्या दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नाही, आणि पैसे परत करायची तयारी दाखवावी लागली. पट्टे गेले, लॉकेटं आणि चिपा आल्या. हात दाबणं तसंच राहिलं.

आता कामाला लागू.

पहिलं काम: दावा कागदावर उतरवा. आणि तो तुम्ही लिहू नका, ज्याचा विश्वास आहे त्याच्याकडून लिहून घ्या. “याने फायदा होतो” हे वाक्य तपासता येत नाही. “लॉकेट मुठीत असलं की हात घट्ट राहतो, नसलं की खाली येतो” हे तपासता येतं. मग त्याला बारीक प्रश्न विचारा. लॉकेट अंगाला टेकायलाच हवं का? डबीतून, कापडातून चालतं का? (व्हिडिओत बहुधा खिशात ठेवूनही चालतं, म्हणजे डबीला हरकत नसावी.) परिणाम किती वेळात येतो? काढल्यावर किती वेळ टिकतो? पलीकडच्या खोलीत ठेवलं तर इथवर पोचतो का? उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहा आणि खाली सही घ्या. सहीची गंमत वाटेल, पण दोन तासांनी तोच कागद भांडण मिटवतो.

लॉकेट अंगालाच टेकायला हवं असं तो म्हणाला तर डबी बाद. मग हात धरणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधा, आणि त्याच आकाराची, त्याच वजनाची दुसरी वस्तू कापडी पट्ट्याखाली मानेला लावा. रीत बाकी तीच.

दुसरं काम: डबी आणि नकली लॉकेट. अपारदर्शक, झाकणाची, लहान डबी हवी. माझ्याकडे जुन्या फिल्मरोलच्या काळ्या डब्या आहेत. तुमच्याकडे जी असेल ती चालेल, फक्त उजेडासमोर धरून पाहा, आरपार काही दिसता कामा नये. नकली लॉकेट म्हणजे लोखंडी वॉशर, नाणं, पुठ्ठ्याचा तुकडा, काहीही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दोन्ही ठेवून वजन ग्रॅमपर्यंत जुळवा. कमी पडलं तर सेलोटेपचे वेढे द्या. डबीत कापूस ठासा, नाहीतर आत काय खुळखुळतंय ते कानाला लगेच कळतं. लॉकेटात चुंबक असेल तर हात धरणाऱ्याच्या अंगावरचं घड्याळ, कडं, अंगठी आधी काढून ठेवा. लॉकेटाला अत्तराचा किंवा रबराचा वास येत असेल तर नकली वस्तूही त्याच्या शेजारी रात्रभर एकाच पिशवीत ठेवा. तयार झाल्यावर डबी घरातल्या सगळ्यांत चौकस पोराच्या हातात द्या आणि ओळखायला सांगा. त्याने ओळखलं तर पुन्हा कापूस भरा.

तिसरं काम म्हणजे माणसं. चार असली तर उत्तम. एक डबी भरणारा, एक हात धरणारा, एक दाबणारा, एक लिहिणारा. डबी भरणारा दुसऱ्या खोलीत, दार बंद. डबीत काय आहे ते फक्त त्यालाच माहीत असणार, म्हणून प्रयोग संपेपर्यंत त्याचं तोंडही कोणाला दिसता कामा नये. हे अति वाटतं ना? जर्मनीत हान्स नावाचा एक घोडा बेरजा-वजाबाक्या करतो म्हणून गाजला होता. 1907 मध्ये ओस्कार फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की घोडा खुरं आपटत जायचा आणि उत्तर जवळ आलं की प्रश्नकर्त्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, त्यावरून थांबायचा. उत्तर माहीत नसलेला माणूस समोर उभा केला की हान्सचं गणित बिघडायचं. घोड्याला जे दिसतं ते तुमच्या भाच्याला दिसणारच.

डबी भरणाऱ्याने आधीच नाणं उडवून वीस ओळींची यादी करायची: छापा आला तर खरं लॉकेट, काटा आला तर नकली. मनाने यादी करू नका. मनाने करणारा माणूस खरं-नकली-खरं-नकली असं वाटून देतो, सलग चार वेळा एकच गोष्ट लिहायला त्याचा हात धजत नाही. नाण्याला ती लाज नसते. दहा खरे, दहा नकली असा हिशेबही जुळवत बसू नका. सात-तेरा आले तर सात-तेरा. शेवटी शेवटी मोजून अंदाज बांधायची सोय त्यामुळे राहत नाही.

आता एक पायरी, जी बहुतेक लोक गाळतात आणि मग पस्तावतात. आधी उघड फेरी करा. सगळ्यांना सगळं माहीत असताना, अगदी व्हिडिओत करतात तसं. लॉकेट हातात दिसतंय, दाबा. लॉकेट काढलं, दाबा. बहुधा फरक पडेल, चांगला ठसठशीत पडेल. विश्वास असणाऱ्याला विचारा: आज परिणाम दिसतोय ना? खोली ठीक आहे? दाबणारा बरोबर दाबतोय? हात धरणाऱ्याची तब्येत, वेळ, दिशा, काही अडचण? तो “सगळं बरोबर आहे” म्हणाला की तेही कागदावर घ्या. मग डबीतूनही एकदा उघडपणे करून घ्या, म्हणजे डबीत लॉकेट आहे हे सगळ्यांना सांगून. तिथेही परिणाम दिसला, तर पुढे डबीला दोष देता येत नाही.

मग झाकलेली फेरी. डबी भरणारा यादीप्रमाणे वस्तू घालतो, झाकण लावतो, डबी जाड मोज्यात टाकून दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवतो, आत जाऊन दार लावतो आणि टकटक करतो. पुढच्या खेपेला तीच वस्तू ठेवायची असली तरी त्याने डबी उघडायची, वस्तू बाहेर काढायची आणि पुन्हा घालायची, वेळ तेवढाच घ्यायचा. नाहीतर डबी लवकर आली म्हणजे काही बदललं नाही, हे बाहेरचे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेतच ताडतात. लिहिणारा डबी उचलून हात धरणाऱ्याच्या मोकळ्या मुठीत देतो. दाबणारा दाबतो. दोघं मिळून एकच शब्द सांगतात, ‘आहे’ किंवा ‘नाही’. “थोडं थोडं वाटतंय” हे उत्तर धरायचं नाही. लिहिणारा खेपेचा क्रमांक आणि उत्तर पेनाने लिहितो, खाडाखोड चालणार नाही. डबी परत स्टुलावर. वीस होईपर्यंत यादी कोणी पाहायची नाही आणि बरोबर की चूक हे कोणी विचारायचं नाही.

दाबण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळी जादू तिथेच आहे. हात हा खांद्यापासून निघालेला दांडा आहे. मनगटावर दाबलं तर थोड्या जोरात खाली येतो. कोपराजवळ दाबलं तर जवळपास दुप्पट जोर लागतो. बोटं दोन-चार सेंटीमीटर आत सरकली तरी फरक पडतो, आणि ती सरकली हे दाबणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून मनगटावर पेनाने खूण करा आणि प्रत्येक वेळी तिथेच दाबा. दुसरं, ‘धर’ म्हटल्यावर लगेच दाबलं तर हात गाफील सापडतो, क्षणभर थांबून दाबलं तर स्नायू तयार असतात. लिहिणाऱ्याने “एक, दोन, तीन” म्हणायचं आणि तीनवर दाब सुरू करायचा. झटका द्यायचा नाही, दाब हळूहळू वाढवायचा. तिसरं, क्रम. व्हिडिओत नेहमी आधी लॉकेटशिवाय, मग लॉकेटसह. दुसऱ्या वेळी किती जोर येणार आहे हे शरीराला माहीत झालेलं असतं. खात्री करायची तर एखाद्याला काहीच न देता दोनदा दाबून पाहा, किंवा आधी लॉकेटसह आणि मग त्याशिवाय करा.

तोल जाण्याचे जे व्हिडिओ असतात, पाय जुळवून उभा केलेला माणूस ढकलल्यावर पडतो आणि पट्टा घातल्यावर पडत नाही, त्यात दिशेची गंमत आहे. आडव्या हाताला खाली आणि किंचित बाहेर दाबलं की माणूस कलंडतो. तेवढ्याच जोराने खाली आणि किंचित पायांकडे दाबलं की तो खांबासारखा उभा राहतो. एकमेकांवर करून पाहा, लॉकेट न घेता. पाच मिनिटांत तुम्हालाही प्रात्यक्षिक दाखवता येईल.

घरात सामान तोलायचा हुकाचा काटा असेल तर आणखी मजा. मनगटाला रुंद पट्टा गुंडाळा, त्यात हूक अडकवा आणि बोटांऐवजी काट्याने खाली ओढा. हात हलला त्या क्षणीचा आकडा लिहिणाऱ्याने वाचायचा, ओढणाऱ्याने काट्याकडे बघायचं नाही. ‘घट्ट वाटला’ याच्या जागी किलोग्रॅम आले की चर्चा फार लवकर संपते. मात्र हे मुख्य प्रयोगाला पर्याय म्हणून करू नका. दावा बोटांनी दाबण्याचा असेल तर तपासणी बोटांनीच करायची.

खांदा दुखत असेल, आखडला असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर त्या माणसाला हात धरायला लावू नका. दर दाबानंतर मिनिटभर हात खाली, पाच खेपांनंतर मोठी विश्रांती. शेवटच्या खेपांत थकल्यामुळे हात खाली येऊ लागला तर उत्तरं नुसती ‘नाही, नाही’ अशी पडत जातात आणि प्रयोग वाया जातो.

हे सगळं बालिश वाटत असेल तर एमिली रोझाचं ऐका. अमेरिकेतली नऊ वर्षांची मुलगी. रुग्णाच्या अंगाला हात न लावता त्याचं ‘ऊर्जाक्षेत्र’ तळहातांना जाणवतं असं सांगणारे उपचारक तिने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी बोलावले. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा, त्याला खाली दोन भोकं. उपचारकाने दोन्ही हात भोकांतून पलीकडे ठेवायचे, एमिली नाणं उडवून त्यातल्या एका हाताच्या वर आपला हात धरणार, आणि तो कुठल्या हातावर आहे ते त्याने सांगायचं. एकवीस उपचारक, 280 प्रयत्न, बरोबर उत्तरं 123, म्हणजे 44 टक्के. नुसतं नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी याहून बरं निघालं असतं. 1998 साली हा निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिचीच रीत आपण वापरतोय, पडद्याऐवजी डबी एवढाच फरक.

वीस खेपांचा निकाल कसा लावायचा हे मात्र डबी उघडण्याआधी ठरवा. नुसता अंदाज ठोकला तरी साधारण दहा बरोबर येतात. 8 ते 12 यांच्यात आकडा पडण्याची शक्यता 74 टक्क्यांच्या आसपास असते. 14 आले तर लोक उड्या मारतात, पण 14 किंवा जास्त हे केवळ नशिबानेही साधारण 6 टक्के वेळा येतं. 15 किंवा जास्त येण्याची शक्यता 2 टक्के. मी रेघ 15 वर ओढते. शंका घेणारे म्हणतील वीस खेपा फार कमी. परिणाम अगदी पुसट असेल तर खरंच कमी आहेत, तो निसटू शकतो. पण विक्रेता पुसट परिणाम विकत नाही. त्याच्या व्हिडिओत दर वेळी हात घट्ट राहतो. हाताने लॉकेट दहातून नऊ वेळा जरी ओळखलं, तरी वीसपैकी 15 ची रेघ तो 99 टक्के वेळा सहज ओलांडेल. एवढ्या मोठ्या दाव्याला वीस पुरतात.

रेघही सहीच्या कागदावर लिहा. शिवाय लिहा की 5 किंवा कमी आले तर ‘उलटा परिणाम’ म्हणून ते मोजायचं नाही.

मग डबी भरणारा बाहेर येतो आणि दोन याद्या शेजारी ठेवून मोठ्याने वाचतो. भाच्याचे अकरा आले. तो बराच वेळ यादीकडे पाहत राहिला, मग म्हणाला, “मावशी, तुझा विश्वास नव्हता ना, म्हणून ऊर्जा अडली.” हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल. त्यावर वाद घालू नका. उघड फेरीचा कागद पुढे करा. त्या वेळीही मी याच खोलीत होते, माझा अविश्वासही तेवढाच होता, आणि ऊर्जा छान वाहत होती. बदललं ते एकच, डबीचं झाकण लागलं. तरीही त्याचं म्हणणं असेल की विश्वास नसलेलं माणूस खोलीत नको, तर ठीक. तो नवा दावा म्हणून लिहून घ्या, तुम्ही बाहेर बसा आणि त्याच्या मित्रांना हीच फेरी करू द्या. डबी, यादी आणि बंद दार मात्र तसंच.

हा प्रयोग काय सांगत नाही तेही लक्षात असू द्या. मोबाइलच्या लहरींचा शरीरावर काही परिणाम होतो की नाही, याबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. डबीत काय आहे ते या हाताला कळलं का, एवढंच बोलतो. आणि सगळेच दावे घरी तपासायचे नसतात. काही पोटात घ्यायचं असेल, चालू औषध बंद करायचं असेल, लहान मुलावर किंवा आजारी माणसावर करायचं असेल, तर हात लावू नका. हात दाबून ॲलर्जी ओळखणारेही भेटतात. ॲलर्जीच्या तज्ज्ञांच्या संघटना ही पद्धत मानत नाहीत. तिथे लॉकेटाचा खेळ राहत नाही, लोक त्यावरून खाणंपिणं सोडतात.

हीच चौकट दोऱ्याला टांगून उत्तरं विचारतात त्या लंबकाला, पाणी शोधायच्या तारांना, ‘नकारात्मक लहरी’ दाखवणाऱ्या सळयांनाही चालते. लंबक हातात धरणाऱ्याला उत्तर माहीत असलं की तो हवा तसा फिरतो. शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधून हे पाहिलं आणि 1833 मध्ये छापलं. ब्रिटनच्या जेम्स मॅकॉर्मिकने अशाच, आत काहीही नसलेल्या फिरत्या अँटेना बॉम्बशोधक म्हणून इराकला विकल्या. तपासणी नाक्यांवर त्यांच्या भरवशावर गाड्या सोडल्या जात होत्या. 2013 मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. दहा सारखी खोकी आणि एक नाणं एवढ्यावर ते यंत्र एका दुपारी उघडं पडलं असतं.

घरात दोघंच असाल तर असं करा. दोन एकसारख्या डब्या, एकीत लॉकेट, एकीत नकली. दोन्ही जाड पिशवीत टाका, तोंड धरून खूप हलवा आणि न बघता एक काढा. दाबा, उत्तर पेनाने लिहा, आणि मगच डबी उघडून शेजारी खरं काय ते लिहा. दर खेपेला दोन्ही डब्या परत पिशवीत. डब्यांवर नवा ओरखडा, डाग, सैल झाकण असं काही दिसलं तर त्या डब्या टाकून दुसऱ्या घ्या आणि मोजणी पहिल्यापासून करा. 15 ची रेघ इथेही तीच. कोणी ती ओलांडली तर खूश व्हा, डब्या पुन्हा तोला, कापूस बदला, आणि दुसऱ्या दिवशी आणखी वीस खेपा घ्या.